बॅनरचं दुसरं टोक

आमच्या संघटनेचे जुने फोटो कुठं पाहायला मिळाले तर एक गोष्ट लगेच दिसेल. बॅनर नेहमी एका बाजूला कललेला. डावीकडं उंच, उजवीकडं खाली. एका पेपरवाल्यानं मला एकदा विचारलं होतं, "मॅडम, हे मुद्दाम आहे का? म्हणजे काही निषेधाचा प्रकार?" मी म्हटलं, "नाही रे बाबा. डावीकडं देवका आहे, उजवीकडं मी आहे." देवका रहांगडाले म्हणजे साडेपाच फुटाच्या वर. मी बुटकी. पायाच्या चवड्यावर उभी राहिले तरी तिच्या खांद्याला लागत नाही. तिला म्हणायची, "जरा खाली धर वं." ती म्हणायची, "बाई, तुमीच थोड्या वाढा न."

मी आरोग्य सेविका होते. सरकारी कागदावर हे नाव. गावात सिस्टर म्हणतात, म्हाताऱ्या नर्सबाई म्हणतात, आणि सालेकशाकडच्या जंगलातल्या टोल्यांवर, म्हणजे पाड्यांवर, नुसतं 'बाई'. निवृत्त होऊन फार काळ नाही झाला. आता गोंदियाजवळ मुर्रीच्या घरी असते, सुनेच्या स्वयंपाकात नाक खुपसते, आणि फाटकाशी कोणी आलं की आधी पायाकडं पाहते, सूज आहे का. सवय जात नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं आमचं काम म्हणजे सुई टोचणं. ते तर काहीच नाही. आमचं खरं काम संशय घेणं. ताप आला म्हणजे मलेरिया समजायचा आणि बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा. पंधरा दिवस खोकला म्हणजे टीबीचा संशय. अंगावर फिकट चट्टा दिसला की पिसानं गुदगुल्या करून पाहायचं, तिथं कळतं का. नवी सून तीन महिन्यांपासून विहिरीवर येत नाही, का येत नाही? सासू म्हणते माहेरी गेली. दांडीवर पातळ तर तिचंच वाळतंय. मग मी ओट्यावर बसून राहायची. चहा नको, पाणी नको, बसते थोडी, ऊन लागलं. अर्ध्या तासानं सून आतून यायचीच, कारण पाणी भरायला तिच्याशिवाय घरात दुसरं कोणी नसायचं. पोट दिसायचं. नोंद व्हायची.

एकदा एका टोल्यावर एक गडी रक्त देईना. मोहाची फुलं वाळत घालत होता, अंगात सणकून ताप. म्हणे, "तुमी रक्त नागपूरले नेऊन विकता." मी माझ्या बोटाला सुई टोचली, काचपट्टीवर थेंब घेतला, त्याच्यापुढं धरला. "हे घे, माझं. याचं काय भाव येतो सांग." हसला, बोट पुढं केलं. मलेरिया निघाला, तोही वाईटातला. वाचला. संशयानं माणसं वाचतात हे मी असं शिकले. पण त्याच्यासोबत एक दुसरा नियम शिकवतात, आणि मी तो शिकाऊ पोरींना घोकवून घ्यायची: संशय कितीही घ्या, पण काचपट्टी पाहिल्याशिवाय रोगाचं नाव घ्यायचं नाही. हा नियम मी आयुष्यात एकदाच मोडला. तीच गोष्ट सांगायला बसले आहे.

त्याआधी कंत्राटी म्हणजे काय ते सांगते. आमच्यात दोन जाती. एक माझ्यासारख्या कायम. दुसऱ्या देवकासारख्या कंत्राटी. काम एकच, पिशवी एकच, शिव्याही सारख्याच खायच्या. फरक एवढा की कंत्राटीची ऑर्डर अकरा महिन्यांची. अकरा महिने झाले की एक दिवसाचा खंड. म्हणजे त्या एका दिवशी ती सरकारची कोणी नाही. दुसऱ्या दिवशी नवी ऑर्डर, नवी नोकरी. कागदावर तिची नोकरी कधी जुनी होतच नाही. देवकाचे असे किती खंड झाले हे तिला बोटांवर मोजायला दोन्ही हात पुरत नव्हते. आणि गंमत अशी की खंडाच्या दिवशी बाई घरी बसत नाही. बाळंतीण का खंड पाहून कळा देते? त्या दिवशीही ती उपकेंद्र उघडते. काही चुकलं तर जबाबदार कोण? कोणी नाही. ती तर त्या दिवशी नव्हतीच. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा एवढी चिडले की दुसऱ्या महिन्यात संघटनेची अध्यक्ष होऊन बसले. देवका सचिव.

आता संघटनेची ताकद. सगळे विचारतात, तुमच्या मूठभर बायांना आमदार-खासदार का विचारतात? मतं मोजली तर आम्ही काहीच नाही. पण आम्ही दारातून आत जातो. पुढाऱ्याचा माणूस ओट्यापर्यंत जातो, आम्ही चुलीपर्यंत. कोणाच्या घरात कोणाचं पटत नाही, कोण रायपूरला कामाला गेलं, कोणाची म्हातारी अंथरुणाला खिळलेली आहे, सगळं आमच्या वहीत नाहीतर डोक्यात. आणि निवडणुकीच्या आधी म्हाताऱ्या आम्हालाच विचारतात, "बाई, यंदा कोनाले द्याचं?" मी म्हणायची, "मी फक्त लस देते आजी, मत तुमचं तुम्ही द्या." पण एवढं म्हणताना माझा चेहरा कोणत्या बाजूला वळला ते म्हातारीला बरोबर कळायचं. आणि हे पुढाऱ्यांनाही माहीत होतं.

त्यातले एक आमचे भाऊ. नाव लिहीत नाही. इकडं प्रत्येक पुढारी भाऊच असतो, त्यामुळं कोणाच्या अंगाला लागणार नाही. गोंदियाच्या तऱ्हेनं अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलायचे. पहिल्या भेटीत मला म्हणाले, "बाई, आपका छोटा बेटा पॉलिटेक्निकले आहे न? बढिया!" मी घरी येऊन मुलाला विचारलं, तू भाऊंना भेटलास का? म्हणे, कधीच नाही. मग यांना कसं कळलं? तेव्हापासून मी त्यांच्या कचेरीत चहा प्यायला तरी कप उलटून खाली पाहायची. पण खोटं कशाला बोलू, त्यांची ताकद मला आवडायची. आमच्या एका सिस्टरची बदली पार दुसऱ्या टोकाला केली होती, घरात लकवा झालेला नवरा. भाऊंनी एक फोन केला. बदली थांबली. दुसऱ्या दिवसापासून जो डॉक्टर माझ्याशी 'ए बाई' म्हणून बोलायचा तो 'मेश्राम मॅडम, बसा' म्हणायला लागला. खुर्ची स्वतः ओढून दिली. ती खुर्ची मला गोडही लागली आणि टोचलीही. फुकटात कोणी खुर्ची देत नाही.

विधानसभेची निवडणूक जवळ आली. आमची मागणी एकच होती, कंत्राटी बायांना कायम करा. आचारसंहिता लागली की कोणताच कागद हलत नाही, म्हणून जे करायचं ते त्याआधी. तेवढ्यात कळलं की गोंदियात सरकारी दवाखान्याच्या एका नव्या इमारतीचं लोकार्पण आहे, मंत्री येणार आहेत, भाऊ बाजूला बसणार आहेत. वार मंगळवार. मी म्हटलं, हाच दिवस. त्या दिवशी तालुक्यातल्या सगळ्या सिस्टरांनी काम बंद करून इमारतीच्या गेटावर बसायचं. मंत्र्याची गाडी आत जाऊ द्यायची नाही. न सांगता. एकदम.

माझ्या घरी पाच जणी जमलो, नातवाच्या वाढदिवसाच्या नावाखाली. खरा वाढदिवस दोन महिन्यांनी होता, पण केक आणला होता, नातू खूश. मी दार लावून घेतलं आणि नियम सांगितले. एक, सगळा निरोप तोंडी, फोनवर नाही. दोन, त्या दिवशी सकाळपासून फोन बंद, नाहीतर साहेब लोक फोन करकरून परत बोलावतील. तीन, कागदावर काही दिसू द्यायचं नाही. रजेचा अर्ज नाही, काही नाही. देवकाला विचारलं, "बॅनर?" ती म्हणाली, "माह्याकडं हाये जी. मच्छरदाणीच्या पोत्यात टाकून आणतो, कोणी पाह्यलं तं म्हणन वाटपाच्या मच्छरदाण्या हायेत." सगळ्या हसल्या. ठरलं. गेटावर बॅनर आम्ही दोघींनी धरायचा, नेहमीसारखा.

मंगळवारी आम्ही चार जीपांनी निघालो. गोंदियाच्या वाटेवर फुलचूरच्या अलीकडं पोलिसांनी जीपा थांबवल्या. नम्रपणे. "ताई, उतरा, थोडं बसा." बाजूच्या एका मंगल कार्यालयात नेलं. आणि तिथं काय पाहते, तर गरम पोहे! प्लेटा मांडून ठेवलेल्या. आम्ही बसलो, सगळ्यांना पोहे मिळाले, आणि दोन की तीन प्लेटा उरल्या. बायांना राग आला होता, भूकही लागली होती, त्यांनी खाल्ले. मी माझी प्लेट तशीच ठेवली. मी प्लेटांकडंच पाहत होते. आम्ही येणार हे माहीत होतं हे एक वेळ समजू शकते. पण किती येणार हेही माहीत होतं? हे आतल्याच माणसाशिवाय कोण सांगेल? मी बायांचे चेहरे पाहायला लागले. कोण कमी आहे? देवका कमी होती. मी तिला मागच्या जीपमध्ये धरून चालले होते.

चार वाजता सोडलं. कार्यक्रम छान झाला होता. फुलचूरची आमची एक सिस्टर, ती त्या दिवशी अधिकाऱ्यांच्या हुकमानं मांडवात पाणी द्यायला होती, ती मला भेटली. तोंड माझ्या कानाशी आणून म्हणाली, "बाई, देवका तं मांडवात होती. पहिल्या रांगेत खुर्चीवर बसून होती."

दोन दिवसांनी भाऊंनी बोलावलं. रागावले नाहीत. काजू पुढं केले. मला म्हणाले, "बाई, नाराज मत हो. पन एक सांगतो. तुमच्या घरचीच खबर होती." मी विचारलं, कोणाची? ते हसले. "अब नाम क्या लेना. तुमी हुशार आहा."

मी तिथून थेट तालुक्याच्या आरोग्य कचेरीत गेले आणि त्या महिन्याचं लसीकरणाचं नियोजन काढलं. हे नियोजन म्हणजे कोणत्या गावात कोणत्या तारखेला लस द्यायची याचा आगाऊ तक्ता. प्रत्येक सिस्टर महिन्याच्या सुरुवातीला भरून देते, त्याप्रमाणं फ्रीजमधून लस निघते. मला एवढंच पाहायचं होतं की देवकानं त्या मंगळवारी काय लिहिलं होतं. तिचं सत्र होतं. तिच्या गावात, दहा वाजता, रोजच्यासारखं. आमचं सगळ्यांचं सत्र त्या दिवशी नव्हतं, कारण आम्ही येणार होतो. तिचं होतं, म्हणजे तिचा यायचा विचारच नव्हता. माझ्या डोक्यात खाट्कन बसलं.

आणि मग एकेक गोष्ट आठवायला लागली. महिन्याआधी ती भाऊंच्या कचेरीत कोणाला दिसली होती. म्हणे, तिच्या गावची एक हृदयाची पेशंट, नागपूरच्या दवाखान्यासाठी पत्र पाहिजे होतं. म्हणे! आणि अजून एक गोष्ट होती, ती लिहायला मला लाज वाटते, पण लिहिते. भाऊ तिच्या समाजाचे. मी बौद्ध, मुर्रीच्या वस्तीतली, आणि ती शेतीवाल्या मोठ्या घरची सून. इतकी वर्षं एका डब्यात जेवलो, माझ्या घरची आंबिल ती मागून पीत असे, कधी मनात आलं नाही. त्या दिवशी आलं. शेवटी आपल्याच लोकांकडं गेली, असं मी मनात म्हटलं. माझ्या संशयात जात होती. दुसऱ्यांना मी याच गोष्टीसाठी आयुष्यभर टोचत आले.

तिला विचारायला हवं होतं. एवढं साधं. पुढच्या मीटिंगला ती आली, माझ्याकडं सरळ चालत आली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मी खुर्ची फिरवून दुसरीशी बोलायला लागले. ती थोडा वेळ उभी राहिली. मग मागं जाऊन बसली. त्यानंतर ती प्रत्येक मीटिंगला मागंच बसली. सचिव म्हणून मी दुसरीला घेतलं. तीही माझ्यासारखीच बुटकी. तुम्ही फोटो पाहिले तर त्यानंतरच्या सगळ्या फोटोंत बॅनर एकदम सरळ आहे.

पुढं काय झालं ते जिल्ह्यातल्या आरोग्य खात्यातल्या सगळ्यांना माहीत आहे, पण कसं झालं ते माहीत नाही. मतदानाला थोडे दिवस असताना भाऊंच्या सभा पडायला लागल्या. त्यांना आमची दारं पाहिजे होती. मला म्हणाले, "बाई, निवडून आलो तं पहिल्या तुकडीत काही बायायले कायम करून आणतो. बाकीच्या दुसऱ्या तुकडीत. तुमी फक्त नावं द्या." मी विचारलं, सेवाज्येष्ठता? म्हणाले, "वो तो है ही. पन पहिले कोन, हे संघटनेनं सांगाव."

मी नावं दिली. देवकाची नोकरी त्या यादीतल्या निम्म्या बायांपेक्षा जुनी होती. तिचं नाव मी दिलं नाही. लिहिताना हात थांबला, हे खरं. पेन उचललं, खिडकीबाहेर पाहिलं, आणि पुढचं नाव लिहिलं.

त्या महिन्यात कोणत्या म्हातारीला माझा चेहरा कोणत्या बाजूला दिसला हे मी सांगत नाही. भाऊ निवडून आले. आणि त्यांनी शब्द पाळला, अर्धा. पहिल्या तुकडीच्या ऑर्डरी निघाल्या. बाया रडल्या, माझ्या पाया पडल्या, पेढे वाटले. आमच्यासारख्या मूठभर बायांनी हे करून दाखवलं याचा मला आजही अभिमान आहे, तो मी सोडणार नाही. पण त्या बायांच्या घरी गेलात तर भिंतीवर माझा नाही, भाऊंचा फोटो आहे, ऑर्डर हातात देतानाचा. दुसरी तुकडी अजून यायची आहे. विचारायला गेलं की भाऊ मुलाच्या पॉलिटेक्निकचं विचारतात. तो मुलगा आता दोन पोरांचा बाप आहे.

माझा निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, भाषणं. प्रत्येक जण म्हणाला मॅडम फार कडक होत्या, म्हणजे किती त्रासदायक होत्या ते शालीत गुंडाळून सांगत होते. जेवणाच्या पंगतीत आमचे औषधनिर्माते शेंडेभाऊ माझ्या बाजूला बसले. लसीचा फ्रीज यांच्याकडं. साधा, देवमाणूस, राजकारणाशी काही घेणं नाही. भातावर वरण ओतता ओतता म्हणाले, "बाई, तुमचा तो गुप्त मोर्चा आठवला की मले अजून हसू येते."

"हसू कायचं?" मी म्हटलं.

"अवो, मी महिन्याची लसीची मागणी काढून राहिलो होतो. पाहतो तं मंगळवारी पुऱ्या तालुक्यात सत्रच नाही! सगळ्याच सिस्टरायनं मंगळवारचं सत्र उचलून शुक्रवारी टाकलं. मले वाटलं सण हाये का काय. कॅलेंडर पाह्यलं, सण नाही. मग मी साहेबायले विचारलं, सर, या दिवशी सगळ्या बाया कुठं जाऊन राहिल्या? साहेबानं एकेक गाव मोजलं, अन् म्हणे, शेंडे, त्याच दिवशी मंत्री येऊन राहिला न! लगेच वर फोन केला."

मी घास परत ताटात ठेवला.

"तुमी बाया मोर्चा काढता," शेंडेभाऊ हसत होते, "पन लेकराचा डोस चुकू देत नाही. पुऱ्या तालुक्यात एकाच गावची लस मंगळवारी होती. सालेकशाकडची. रहांगडाले सिस्टर."

पोह्यांच्या प्लेटा कोणी मोजल्या होत्या ते मला त्या पंगतीत कळलं. आम्हीच. मीसुद्धा. कागदावर काही दिसू द्यायचं नाही असं सांगणारी मी, आणि घरी जाऊन सगळ्यात आधी माझंच मंगळवारचं सत्र शुक्रवारी लिहिलं होतं. नऊ लेकरं होती माझ्या यादीत. त्यांचा डोस कसा चुकवणार? मला ते फोडणं वाटलंच नाही, ते तर काम होतं. आणि बाकीच्या सगळ्यांनी, एकमेकींना न सांगता, हेच केलं. त्या तक्त्यात सगळ्यांचा मंगळवार कोरा होता. मी तो तक्ता डोळ्यांनी पाहिला होता, आणि मला त्यात फक्त एक भरलेला चौकोन दिसला.

आणि भाऊ! त्यांना सगळं माहीत होतं. साहेबाच्या फोनवरूनच कळलं होतं. तरी मला 'घरची खबर' म्हणाले. एका वाक्यात संघटनेचे दोन तुकडे केले आणि वरून काजू खाऊ घातले. ज्या माणसाच्या चहाचा कप मी उलटून पाहायची, ज्याच्या एका शब्दावर मी कधी भरवसा ठेवला नाही, त्याचं तेवढं एकच वाक्य मी खरं धरलं. काय म्हणावं या डोक्याला!

चार दिवसांनी सकाळच्या गाडीनं सालेकशाला गेले. स्टेशनावरून एकाच्या मोटारसायकलवर मागं बसून देवकाच्या उपकेंद्रात. दारात बायका लेकरं घेऊन बसलेल्या. आत देवका एका पोराच्या मांडीला लस टोचत होती. केस पांढरे झाले होते. मला पाहिलं, दचकली नाही. "या बाई. बसा. एवढी पाच लेकरं होऊ द्या."

भिंतीवर तारीख पाहिली आणि माझ्या लक्षात आलं. "देवका, आज तर तुझा खंड असेल न?"

"हाव," ती म्हणाली, "आज मी नाहीच अठी." आणि पुढच्या बाईला म्हणाली, "पोराले घट्ट धर वं माय, लाथ मारते तो."

पाच लेकरं झाली. बाया बाहेर पारावर थांबल्या, लस दिल्यावर अर्धा तास थांबवायचंच असतं. देवकानं स्टोव्हवर चहा ठेवला. मी सरळ विचारलं, "त्या मंगळवारी तू तुझं सत्र काऊन नाही हलवलं?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं जसं मीच काही विसरले. "तुमीच तं सांगतलं होतं, बाई. कागदावर काई दिसू देऊ नका."

"आणि लेकरं?"

"सोमवारी घरोघरी जाऊन सांगतलं, उद्या नका येऊ, बुधवारी या. तोंडी. लसीची बॅग आली असती, कुलूप पाहून परत गेली असती. एक दिवसानं काय होते?" तिनं दोन कपांत चहा ओतला. "मले वाटलं समद्यायनं असंच केलं असन."

मी विचारलं, "मांडवात कशी काय गेली होतीस?"

मग तिनं सांगितलं. ती जीपमध्ये नव्हतीच, सालेकशाहून रेल्वेनं आली. म्हणून फुलचूरच्या पोलिसांना सापडली नाही. ठरल्या वेळेला गेटावर पोचली, खांद्यावर मच्छरदाणीचं पोतं. पाहते तर कोणी नाही. माझा फोन लावला, बंद. सगळ्यांचे बंद. मंत्र्याच्या गाडीचा भोंगा ऐकू यायला लागला. "मंग मी बॅनर खोलला."

"एकटीनं?"

"आता कोणी नोहतंच तं काय करू? एक टोक गेटाच्या खांबाले बांधलं, एक हातात धरलं. गाडी थांबली न बाई! थोडी थांबली. मंग दोघी पोलीस बाया आल्या, बॅनर काढला, मले हाताला धरून मांडवात नेलं अन् आपल्या मंधात बसवलं. कार्यक्रम सरेपर्यंत उठू नाही दिलं. माईकवाला म्हणे टाळ्या वाजवा. मी नाही वाजवल्या."

म्हणजे अख्ख्या तालुक्यातून मंत्र्याची गाडी एका बाईनं थांबवली होती. तीच जिला मी फितूर म्हटलं.

"मला सांगितलं काऊन नाही?" मी विचारलं.

"आली होती न सांगाले. मीटिंगमधी. तुमी पाठ फिरवली." तिनं हे रागानं म्हटलं नाही, मलेरियाचा रिपोर्ट सांगावा तसं सांगितलं.

"देवका, त्या यादीतलं तुझं नाव मीच—"

"मले मालूम हाये." तिनं माझा कप उचलला, विसळून पालथा ठेवला. बाहेर एक लेकरू रडत होतं, ती दारापर्यंत जाऊन त्याच्या मांडीची सूज पाहून आली. मला माफी मागायची होती. त्याऐवजी मी भलतंच विचारलं. म्हटलं, "खांबाला कोणतं टोक बांधलं होतं?"

"तुमचं," देवका म्हणाली. "खालीच बांधलं होतं, तुमच्या हाताले येईन असं. म्हटलं, बाईले उशीर झाला असन, येतीन तं धरतीन."